कवीला काय म्हणायचे आहे?

कवीला काय म्हणायचे आहे हे कवी सोडून सगळ्यांना ठाऊक असते, अशी मराठीच्या पेपराची एक गोड समजूत आहे. 'प्रस्तुत ओळी कविवर्य अमुक यांच्या तमुक कवितेतून घेतल्या आहेत,' इथवर आमची गाडी झकास जाई. पुढे 'येथे कवीने' असे लिहिले की पेन थांबे आणि सगळा वर्ग छताकडे पाही. छताला अर्थ चिकटवलेला नसतो. मग गाइड आठवायचे. गाइडात सगळ्याच कवींना एकच म्हणायचे असते : जीवन क्षणभंगुर आहे. मग एकाने लिहून बाकीच्यांनी खाली सह्या केल्या असत्या तरी भागले असते की!

केशवसुतांनी १८९३ साली 'झपूर्झा' लिहिली. नावापासूनच बोंब! मुली खेळताना 'जा पोरी जा' भराभर म्हणतात, त्यातून म्हणे हा शब्द निघाला. म्हणजे घाम फुटेपर्यंत फेर धरणाऱ्या पोरींना जे आपोआप कळत होते, ते आम्ही बाकावर ताठ बसून, समास सोडवून शोधायचे. तेही पाच गुणांत.

राजकीय लेखाचे त्या मानाने सोपे. 'लेखकाची भाषा जळजळीत आहे' हे वाक्य कुठल्याही अग्रलेखाला चालते. टिळकांना तर हमखास. पण एके दिवशी लायब्ररीत त्यांच्या खटल्याची हकिगत हाती पडली आणि कळले, या विषयाची खरी परीक्षा १९०८ साली मुंबईच्या हायकोर्टात होऊन गेलेली आहे.

पेपरात 'केसरी'तले दोन अग्रलेख : 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत.' परीक्षक नऊ ज्युरर. सात युरोपियन, दोन पारशी. लेख मराठीत आणि ज्युरीपुढे त्यांचे इंग्रजी भाषांतर. म्हणजे गाइडच की हो! टिळक स्वतः उभे राहिले. या शब्दाचा अर्थ तो नव्हे, हा. त्या वाक्याचा रोख तिकडे नव्हे, इकडे, असे त्यांनी एकवीस तासांहून अधिक वेळ समजावून सांगितले. आम्हाला तीन तासांत पुरवण्या लागत, त्या मोजून बाक वाजवणारे आम्ही! प्रत्यक्ष लेखक सांगतो आहे, 'मला हे म्हणायचे आहे', आणि परीक्षकांनी सात विरुद्ध दोन मतांनी ठरवले, नाही, तुम्हाला ते म्हणायचे आहे. निकाल : सहा वर्षे काळे पाणी.

मंडालेच्या तुरुंगात बसून या गृहस्थाने काय करावे? तर गीतेला काय म्हणायचे आहे यावर ग्रंथ! तोही पेन्सिलीने. थोरथोर आचार्यांनी शतकानुशतके लावलेले अर्थ बाजूला सारून, 'मला तर कर्मयोग दिसतो' असे शेकडो पानांत सांगितले. शब्दांच्या अर्थापायी जो तुरुंगात गेला, तो आत जाऊन पुन्हा अर्थच लावत बसला.

त्यानंतर 'भाषा जळजळीत आहे' असे लिहिताना माझा हात आखडू लागला. लेखक पिंजऱ्यात उभा राहून माझ्या उत्तरपत्रिकेकडे बघतो आहे असे वाटे. गाइड मिटून मी स्वतःच्या बुद्धीने अर्थ लावू लागलो आणि मार्क धडाधड घसरले. घसरणारच. अर्थ स्वतः लावायचा तर किंमत पडते. माझे दोन-चार गुणांवर भागले, हीच सरकारची कृपा!