लाल रकाना



घटक चाचणीचा निकाल आम्ही शाळेच्या संकेतस्थळावर ठेवला. संगणक शिक्षकांनी तक्ता रंगवला होता : उत्तीर्णांचे रकाने हिरवे, ३५ पेक्षा कमी गुणांचे लाल. आम्ही त्यांची पाठ थोपटली. (आमची पदवी हिंदी माध्यमातली. रकान्याला आम्ही ‘खाना’ म्हणतो आणि नववीची मुले जेवणाची सुट्टी झाली म्हणून हसतात.)

दुसऱ्या दिवशी मुडबीतल्याच एक आई मोबाईल घेऊन कार्यालयात आल्या. “सर, मला वाचता येत नाही. पण माझ्या लेकीच्या नावापुढं लाल कामून केलंय?” मुलीला गणितात ३३ गुण होते. शेजारणींनी आकडा वाचलाच नव्हता, रंग मात्र सगळ्यांनी पाहिला होता. आम्ही ताईंना बसायला खुर्ची दिली. सांगण्यासारखे जवळ काही नव्हते.

त्याच आठवड्यात आठवीतला एक विद्यार्थी म्हणाला, “सर, मला सगळे रकाने सारखेच दिसतात.” लाल-हिरव्यातला फरक न कळणे बहुतेक वेळा जन्मजात असते आणि मुलींपेक्षा मुलांत जास्त आढळते. नकाशाच्या तासाला याच मुलाला आम्ही वर्षभर “नीट बघ” म्हणून रागावत होतो.

मग आम्हीच संगणकापुढे शिकायला बसलो. पूर्वी रकान्याच्या खुणेतच ‘बीजीकलर’ लिहीत. १९९७ च्या एचटीएमएल ४ ने ती रीत सोडावी असे सुचवले. आता रंग सीएसएसने देतात. रंगाचा संकेत सहा चिन्हांचा असतो, दोन लालची, दोन हिरव्याची, दोन निळ्याची. भडक लाल म्हणजे एफएफ००००. तक्त्याला एक रंग, ओळीला दुसरा आणि रकान्याला तिसरा दिला, तर दिसतो तो रकान्याचाच. फलकावर लावायला तक्ता छापला तेव्हा मात्र सगळे रंग गायब! ब्राउझर मागचे रंग आपणहून सहसा छापत नाही.

आता लाल-हिरवे काढले आहे. नजर घसरू नये म्हणून एकाआड एक ओळ फिकट राखाडी केली. नावाऐवजी हजेरी क्रमांक घातला, आणि गुण कमी असतील तिथे ‘पुन्हा तयारी’ असे शब्दांत लिहिले.

त्या ताईंना नवा तक्ता दाखवला. बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, “यात माझी लेक कुठाय?” आम्ही ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवले.