खांडसच्या वाटेने भीमाशंकर

डोंगर चढायला वाटाड्या कशाला हवा, असे विचारणारी मंडळी आमच्या ओळखीत पुष्कळ आहेत. वाट मळलेली आहे, खिशातल्या फोनमध्ये नकाशा आहे, मग एका माणसाला दिवसाची मजुरी का द्यायची, हा त्यांचा रोकडा सवाल. हिमालयात हा वाद निघत नाही. दार्जिलिंगकडे सांदकफूला जायचे, तर सिंगालीला उद्यानात वाटाड्या सक्तीचाच असतो. आपल्या सह्याद्रीत मात्र जो तो स्वतःचा वाटाड्या!

सेवानिवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी 2023 च्या ऑक्टोबरात घराला तीन महिन्यांसाठी कुलूप लावले. सांदकफूची 11,900 फुटांची उंची पायांखाली घालून डिसेंबरात कर्जतला मेहुणीकडे उतरलो आणि भीमाशंकरचा बेत जाहीर केला. साडूभाऊ पोट धरून हसले. "हिमालय पाहून आलात आणि आता आमची टेकडी?" पण हिशेब करून पाहावा. सांदकफूची वाट जिथून सुरू होते, ते मानेभंज्यांगच मुळी सहा हजार फुटांच्या वर आहे. पुढची चढण दोन-तीन दिवसांत वाटून घ्यायची. खांडस पडले कोकणात. तिथून भीमाशंकर म्हणजे अडीच हजार फुटांहून अधिक उभा चढ, तोही एका दमात!

पनवेलहून कर्जतला येताना चौकपाशी डावीकडे इर्शाळचा सुळका दिसला होता. एरवी त्याचे नेढे शोधायला सौ. खिडकीतून बाहेर वाकते. या खेपेस आमच्यापैकी कोणीच काही बोलले नाही.

पहाटे निघून कशेळ्यावरून खांडसला पोचलो. साडूभाऊंनी सांगून ठेवलेला वाटाड्या रस्त्यावरच उभा होता. पन्नाशीचा, काटक, डोक्याला फडके, हातात कोयती. जवळच्याच ठाकरवाडीतला. आम्ही त्याला मामा म्हणू लागलो आणि तो आम्हांला दादा आणि ताई. मजुरीची घासाघीस सौ.ने मला करू दिली नाही.

पुलापाशी वाट फुटते. डावीकडे शिडी घाट: कमी वेळाचा, पण कातळाला लोखंडी शिड्या लावलेल्या. उजवीकडे गणपती घाट: लांबचा, पण पायाखालचा. सौ.ची हौस शिडीची. मामाने मान हलवली.

"ताई, शिडी तुमी चढाल वो. दादांचं काय? उताराला उजवा पाय आधी चाचपून टाकत्यात. गुडघा धरतो त्यांचा."

मी चपापलो. गुडघ्याची ही गोष्ट मी घरातदेखील कोणाला सांगितली नव्हती. हा गृहस्थ रस्त्यापासून पुलापर्यंत मुकाट्याने आमच्या मागून का चालत होता, याचा तेव्हा उलगडा झाला.

"शिडीच्या मधी गुडघा धरला तर वर बी जाता येत नाय आन् खाली बी नाय," एवढे बोलून तो उजवीकडे वळलादेखील. सौ. माझ्याकडे पाहत राहिली. "अहो, कधीपासून?" एवढेच तिने विचारले, आणि मग माझ्या पाठीवरची पिशवी स्वतःकडे घेतली.

गणपतीच्या देवळाशी पहिली विश्रांती. समोर पदरगड उभा. त्याच्या सुळक्यांना कलावंतिणीचा महाल म्हणतात. कोणत्या कलावंतिणीने तिथे बिऱ्हाड केले असेल ते शंकरच जाणे! पुढे झाडी दाट झाली. मामा बोटाने दाखवी, आम्ही पाही: हा हिरडा, ही कारवी, हे शेकरूचे घरटे. एका शेकरूची अशी अनेक घरटी असतात. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी जपण्यासाठी 1985 साली इथे अभयारण्य झाले. आम्हांला त्याची लांबलचक शेपूट तेवढी पानांत हललेली दिसली, सौ.च्या मते तोंडही दिसले.

दोन्ही घाटवाटा वर पदरावर एकत्र येतात. तिथल्या टपरीत चहा घेताना सौ.ने सहज विचारले, "मामा, पावसात तुम्ही काय करता?"

मामा बराच वेळ बशीतला चहा फुंकत राहिला. मग म्हणाला, "इर्शाळवाडीला आमचं सोयरं व्हतं. त्ये बी वाटाडंच. मुंबईची पोरं घेऊन गडावर जायचं."

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या त्या ठाकरवाडीवर दरड कोसळली. चार दिवसांनी शोध थांबवला, तेव्हा 27 मृतदेह हाती आले होते आणि 57 माणसे बेपत्ता होती. दरडीच्या धोक्याच्या सरकारी यादीत त्या वाडीचे नाव नव्हते. गड पाहायला येणाऱ्यांना वाट दाखवणारी, पिठले-भाकर करून वाढणारी ती घरे. आमचा पुतण्या तिथे जेवून आला होता.

"आता पाऊस बोलाया लागला की झोप नाय येत," मामा म्हणाला. "यंदा बायकापोरं रातची शाळंत निजली. मी घरात जागा ऱ्हायचो. ढोरं व्हती ना." आणि कप खाली ठेवून उठला.

शेवटची चढण अंगावर येते. तिचे वर्णन करण्याइतका दम तेव्हा उरला नव्हता. दुपारी एकला माथ्यावर पोचलो. कड्याच्या या अंगाला पडलेले पाणी उल्हास नदीने जवळच्या अरबी समुद्राला मिळते. पलीकडचे भीमेतून पंढरपूर करून, कृष्णेच्या सोबतीने थेट बंगालच्या उपसागराला. ज्योतिर्लिंगाचे दर्शन झाले. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, तेव्हाच्या लुटीतली पोर्तुगीज घंटा मामाने आम्हांला मोठ्या अभिमानाने दाखवली. चर्चची घंटा महादेवाच्या अंगणात, आणि ती दाखवणारा ठाकर! पाठ्यपुस्तकातली वसई मला इतकी जवळची कधी वाटली नव्हती.

आम्ही मुक्काम करून सकाळच्या एस.टी.ने पुण्याकडे निघणार होतो. मामालाही राहण्याचा आग्रह केला. तो ऐकेना, घरी ढोरे वाट पाहत होती. सौ.ने दार्जिलिंगहून आणलेली लोकरीची टोपी त्याच्या हातात ठेवली. ती त्याने फडक्यावरच चढवली.

"मामा, कोणत्या वाटेने उतरणार?"

"शिडीनंच की! मला कुठं गुडघा हाय," असे म्हणून तो हसला आणि झपझप झाडीत उतरला. ती लाल टोपी दोन वळणांपर्यंत आम्हांला दिसत होती.