भरतीची वेळ, ड्यूटीची वेळ

उधाणाच्या दिवसांत रविवार आला तर बाबा मिस्साला नसत, आणि घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. डोलीची मासेमारी पाण्याच्या ओढीवर चालते. समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना बांधलेलं, शेपटाकडे निमुळतं होत गेलेलं ते लांबलचक जाळं ओढीकडे तोंड करून उभं असतं. पाण्याबरोबर येईल ते आत शिरतं आणि ओढ मंदावली की जाळं उपसायचं. अमावास्या-पौर्णिमेला ओढ जोराची, म्हणून बोंबील, करंदी, मांदेली भरभरून लागायची तीही तेव्हाच. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाणी सुस्त, आणि होड्या किनाऱ्याला. आमच्या उत्तनच्या घरात येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी तिथी दाखवणारं कॅलेंडर टांगलेलं असे आणि दोन्हींकडे सारख्याच श्रद्धेनं बघितलं जाई. रविवार चुकला तर बाबा भांगातल्या एखाद्या सकाळी, आठवड्यातल्या साध्या मिस्साला, मागच्या बाकावर जाऊन बसत. फादरही त्यांना कधी विचारत नसत. किनाऱ्यावरच्या गावातल्या फादरांना भरतीची वेळ ठाऊक असते.

संध्याकाळची रोझरी मात्र टळत नसे. आजी सुरुवात करायची आणि आम्ही मुलं पेंगत उत्तरं द्यायचो. होडी अजून आली नसेल तर रोझरीला आणखी एक प्रार्थना जोडली जायची, ती समुद्रावरच्या माणसांसाठी. मे महिन्यात वाडीतल्या क्रुसासमोर सगळे जमून लादाईन म्हणायचे. पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून २९ जूनला संत पेत्राचा सण आला की गावातले सगळे कोळी घरी असत. हा सण नेमका बंदीच्या काळात येतो, याचं मला लहानपणी फार अप्रूप वाटायचं. जणू देवानं आमची सवड बघूनच तारीख ठरवली होती.

हे सगळं मी इतक्या तपशिलानं सांगते आहे, कारण गेली काही वर्षं मी मीरा रोडच्या एका धर्मग्रामात तरुणांच्या गटाचं काम बघते आणि मला वारंवार एकच प्रश्न विचारला जातो: आजकालची मुलं चर्चला का येत नाहीत? विचारणारे बहुतेक माझ्याच वयाचे किंवा मोठे असतात. त्यांना वाटतं, मुलांची श्रद्धा आटली. मला तसं वाटत नाही. आमच्या घरात श्रद्धा कामाच्या वेळापत्रकातच राहत होती. होडी, तिथी, बंदीचे दोन महिने, क्रुसासमोरचे मे महिन्यातले दिवस यांत ती अशी मुरलेली होती की वेगळी काढून दाखवता आली नसती. ते वेळापत्रक गेलं. मुलांना नवं वेळापत्रक मिळालं आणि त्यात श्रद्धेची जागा कुठे, हे कुणीच त्यांच्याबरोबर बसून शोधलं नाही.

मला हे लग्नानंतर कळलं. उत्तनहून मीरा रोड म्हणजे एकाच महापालिकेत राहणं. तरीही डोंगरी, मोर्वा, राई, मुर्धे करत भाईंदर स्टेशनला येणारी बस पूल ओलांडून पूर्वेला वळते, तेव्हा माणूस एका जगातून दुसऱ्या जगात येतो. २००२ साली मीरा-भाईंदर महापालिका झाली, तेव्हाच शहर पाच लाखांच्या वर गेलं होतं. २०११ च्या जनगणनेत ते आठ लाखांवर पोहोचलं. मिठागरं आणि भातशेतीच्या या पट्ट्यात मंगळूर, गोवा, केरळ, तमिळनाडूकडची ख्रिस्ती कुटुंबं येऊन राहिली. माझं सासर मंगळूरकडचं. सासूबाई कोंकणीत प्रार्थना म्हणायच्या, मी मराठीत, आणि माझी मुलगी शाळेत शिकलेली इंग्रजीत. नवरा विमानतळावर मालवाहतुकीच्या विभागात, शिफ्टचा माणूस. पहिली काही वर्षं मला कळेचना की या घरात सगळे एकत्र प्रार्थना कधी करणार. संध्याकाळी सात वाजता मी एकटीच रोझरी हातात घेऊन बसायचे आणि मला उत्तनची इतकी आठवण यायची की माळेचे मणी मोजायचेच राहून जायचे.

सासूबाईंनी ते ओळखलं. एका रात्री नवरा साडेअकराला घरी आला. त्यांनी त्याला जेवायला वाढलं, मला हाक मारली, आणि तो जेवत असतानाच त्यांनी रोझरी सुरू केली. तो घास गिळून गिळून उत्तरं देत होता. त्या म्हणाल्या, "अगं, हा येतो तीच आपली सात वाजताची वेळ." त्या बाईंनी मला जे शिकवलं, तेच मी पुढे तरुणांच्या कामात वापरत आले. त्या आता नाहीत. आमच्या घरात ती वेळ अजून पाळली जाते.

धर्मग्रामाच्या फादरांनी गटाची जबाबदारी दिली तेव्हा बैठक रविवारी दहाच्या मिस्सानंतर असे. हजेरी तुटपुंजी. मी मुलांच्या घरी जायला लागले आणि प्रत्येकाला फक्त त्याचा आठवडा विचारला. एका मुलीची नर्सिंगची ड्यूटी होती आणि आठवड्याला पाळी बदलायची. दोघे कॉल सेंटरला रात्रपाळीत होते, ते रविवारी सकाळी घरी येऊन झोपायचे. एकाचे वडील जहाजावर, आई आजारी. रविवार हाच त्याचा बाजारहाटाचा दिवस. मी वहीत सगळ्यांच्या वेळा मांडल्या आणि माझ्यासमोर बाबांचं तिथीचं कॅलेंडर उभं राहिलं. ही मुलंही ओढीवरच जगत होती, फक्त ती ओढ त्यांच्या कंपन्या आणि हॉस्पिटलं ठरवत होती. आम्ही बैठक रविवारवरून हलवली. कधी गुरुवारी रात्री पावणेदहाला, कधी शनिवारी पहाटे. गटातल्या काही जुन्या मंडळींना हे आवडलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की देवासाठी माणसानं वेळ काढायला हवा. खरं आहे ते. पण बाबांनी भांगातली सकाळ देवाला दिली होती, तोही काढलेला वेळच होता.

एका मुलाबद्दल सांगायलाच हवं. तो एकोणीस वर्षांचा होता. वडील आखातात, आणि घरात सगळं काही सुरळीत नव्हतं एवढंच सांगते. तो गटात यायचा बंद झाला. नंतर मिस्सालाही दिसेना. एकदा रात्री मीरा रोड स्टेशनच्या पुलावर भेटला तेव्हा नजर चुकवून निघाला होता. मी त्याला चर्चबद्दल एक अक्षर विचारलं नाही. आमच्या बिल्डिंगशेजारी लिफ्ट नसलेल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ राहत होते. पाय गेलेले. त्यांना रविवारी मिस्साला यायचं असायचं आणि खुर्चीतून खाली आणायला दोन दणकट माणसं लागायची. मी म्हटलं, "मला एक माणूस कमी पडतोय. येशील?" तो आला. पुढच्या रविवारीही आला. म्हाताऱ्यांना खाली आणायचं, चर्चपर्यंत न्यायचं, संपल्यावर परत वर. मधला तासभर तो बाहेर कठड्यावर बसून राही. मग एकदा पाऊस होता म्हणून आत आला. पुढे तो आतच बसायला लागला.

काही महिन्यांनी तो मला म्हणाला, "आंटी, मला प्रार्थना करता येत नाही. पण त्यांना उचलतो ना, तेव्हा कुणीतरी बघतंय असं वाटतं." मी यावर काही बोलले नाही. तरुणांच्या कामात मला जे थोडंफार उमगलंय त्यातलं सगळ्यात मोलाचं हेच आहे: ज्याच्यावाचून दुसऱ्या कुणाचं अडतं, असं काम तरुण माणसाच्या हाती द्यावं. व्याख्यानं, शिबिरं, गिटारवरची गाणी, सगळ्याचा उपयोग आहे आणि मी ते सगळं करते. पण आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे कळल्याशिवाय देवाला आपली गरज आहे यावर विसाव्या वर्षी कुणाचा विश्वास बसत नाही. कोळ्याच्या मुलाला हे शिकवावं लागत नव्हतं. होडीवर एक हात कमी पडला की जाळं वर येत नाही.

मग मार्च २०२० आला. चर्चचे दरवाजे बंद झाले, मिस्सा मोबाइलवर आली. मला आठवतं, आम्ही सगळे कपडे बदलून, मेणबत्ती लावून टीव्हीसमोर बसायचो. त्या काळात आमच्या मुलांनी शिधा वाटला, एकट्या म्हाताऱ्यांची औषधं आणली. गटातली ती नर्स मुलगी कोविड वॉर्डात होती. ती घरी न जाता हॉस्पिटलनं दिलेल्या खोलीत राहायची आणि रात्री गटाच्या कॉलवर यायची. पुष्कळदा ती बोलायचीही नाही. आम्ही रोझरी म्हणायचो आणि पलीकडून तिच्या श्वासाचा आवाज यायचा.

पुढच्या वर्षी, १७ मे २०२१ ला, तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेलं. बाबांची होडी नांगरावरून सुटून खडकावर आपटली. माणसं वाचली, हेच खूप. पण फळ्या फुटल्या, इंजिनात पाणी शिरलं. बाबा सत्तरीचे. माझा भाऊ बँकेत आहे, त्याला समुद्रावर जायचं नव्हतं. बाबांनी दुरुस्तीचा हिशेब केला आणि इंजिन विकलं. ते रडले नाहीत. ते दिवसभर घरात असायचे आणि तिथीचं कॅलेंडर बघायचे, हे मला त्यांच्या रडण्यापेक्षा जास्त लागलं. आई गेल्यावर त्यांना समुद्रानं सावरलं होतं. आता समुद्रही गेला. मी देवाला विचारलं, या माणसाच्या सकाळी तू कशासाठी रिकाम्या केल्यास? तेव्हा मला उत्तर मिळालं नाही.

त्याच पावसाळ्यात मी त्यांना फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल नेऊन दिलं. वसईचे दिब्रिटो म्हणजे खाडीपलीकडचा आमचाच माणूस. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा बाबांनी शेजाऱ्यांना पेढे वाटले होते. बाबांनी आयुष्यभर बायबल चर्चमध्ये ऐकलं होतं, हातात धरून वाचलं नव्हतं. आता ते खळ्यात खुर्ची टाकून, ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. पेत्र, आंद्रेया, याकोब, योहान ही सगळी कोळी माणसं त्यांना पहिल्यांदा जवळून भेटत होती.

पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली तरुणांसाठी जे पत्र लिहिलं, त्यात मुळं असलेल्या तरुणांवर एक अख्खं प्रकरण आहे. म्हाताऱ्यांशी बोला, त्यांची स्वप्नं ऐका, असा त्याचा गाभा. मीरा रोडच्या माझ्या मुलांचे आजी-आजोबा मंगळुरात, कोट्टायममध्ये, तुतिकोरिनला. मुळं दूर राहिलेली. म्हणून एका २९ जूनला मी गट उत्तनला घेऊन गेले. होड्या वर ओढलेल्या, ताडपत्र्यांनी झाकलेल्या. मासळी वाळवायच्या वलांड्या रिकाम्या. मुलांनी आधी किनाऱ्यावरचं प्लास्टिक गोळा केलं आणि मग बाबांच्या खळ्यात बसली. मी बाबांना सांगितलं होतं, शुभवर्तमानातला काहीतरी भाग सांगा.

त्यांनी लूकचं पाचवं प्रकरण काढलं. रात्रभर जाळं टाकून काही न मिळालेला पेत्र, आणि पुन्हा जाळं टाक म्हणणारा येशू. ही गोष्ट मी शेकडो प्रवचनांत ऐकली आहे. बाबा म्हणाले, "इथं लिहिलंय की ते जाळी धूत होते. तुम्हाला माहीत आहे का जाळं धुणं म्हणजे काय?" मुलांना अर्थातच माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं: रात्रभर जागून, हात रिकामे घेऊन आलेला माणूस किनाऱ्यावर बसून जाळ्यातला चिखल, शेवाळ, काटक्या काढतो, फाटलेलं बघतो, वाळत घालतो. कंबर मोडते. ते झालं की घर आणि झोप. "आणि तेव्हा हा सुतार येऊन सांगतो, परत टाक. धुतलेलं जाळं परत पाण्यात टाकायचं म्हणजे परत धुवायचं. तो एवढंच मागतोय असं तुम्हाला वाटतं. पण फार मागतोय तो."

कुणी बोलेना. मग आमची नर्स मुलगी मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "अंकल, आमची नाइट संपते, युनिफॉर्म बदलतो, आणि मग सिस्टर सांगतात, पुढची मुलगी आली नाही, डबल कर." बाबांनी तिच्याकडे बघितलं. "करतेस?" "करते." "का?" ती थोडा वेळ थांबली. "पेशंट असतात ना." बाबा म्हणाले, "मग तुला पेत्र कळला."

मी तिथे बसले होते आणि मला बाबांच्या रिकाम्या सकाळींचं उत्तर मिळत होतं. उत्तनचा म्हातारा नाखवा आणि केरळच्या घरातली, मीरा रोडला वाढलेली मुलगी एकमेकांना समजले होते, आणि मधे दुभाष्याचं काम कुणीच केलं नव्हतं. तेव्हापासून बाबा आमच्या गटाचे झाले. मुलं परस्पर त्यांच्याकडे जातात. किनाऱ्यावरच्या गावांपुढच्या काळज्या, डोंगरावरचा कचरा, येऊ घातलेले प्रकल्प, जाळ्यात मासळीबरोबर येणारं प्लास्टिक हे सगळं ती त्यांच्याकडून ऐकतात आणि मला विचारतात की हा चर्चचा विषय आहे का. मी हो म्हणते. निर्मितीची काळजी घ्यायला पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या परिपत्रकातच सांगितलं आहे, पण तसं सांगितलं नसतं तरी मी हो म्हटलं असतं.

म्हाताऱ्या गृहस्थांना उचलणारा तो मुलगा आता जर्मनीत आहे, वृद्धांच्या शुश्रूषेचं शिक्षण घेतोय. गटातले काही म्हणाले, अजून एक गेला. मला ती गळती वाटत नाही. जाण्याआधी त्यानं आपल्या जागी दुसरा दणकट मुलगा शोधून दिला होता, आणि ते मला न सांगता. ऑक्टोबरमधल्या ब्लॉक रोझरीला तो तिकडून फोनवर असतो, त्याची पाळी असेल तर नसतो.

माझ्या मुलीचं या वर्षी कन्फर्मेशन आहे. धर्मपिता म्हणून तिनं आजोबांना निवडलंय. आणि आगमनकाळापासून गटाची जबाबदारी मी त्या नर्स मुलीकडे देते आहे. सवयीनं मी तिला माझी वेळांची वही द्यायला गेले. तिनं ती घेतली, चाळली, आणि पहिली बैठक तिच्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये ठरवली, रात्रपाळी सुरू होण्याआधीच्या तासात, म्हणजे तिच्याबरोबरच्या इतर मुलींनाही येता येईल. त्यातल्या काही ख्रिस्ती नाहीत, पण बसायचंय म्हणाल्या. मला हे सुचलं नसतं. तिनं मला निरोप पाठवलाय: या, पण वेळेवर या, आठला आम्ही उठणार.