सावरगावातून पाहिलेले नागपूरचे घर

नागपूरहून इटारसीकडे जाणारी गाडी काटोल, नरखेड मागे टाकते आणि थोड्याच वेळात पांढुर्णा येते. मधे कुठेतरी महाराष्ट्र संपून मध्य प्रदेश सुरू झालेला असतो, पण डब्यातल्या बोलण्यावरून ते कळत नाही. सरकारी पाट्या हिंदीत होतात, माणसे मात्र "कुठी चालला गा?" असेच विचारत राहतात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, तोवर नागपूर हीच या भागाची राजधानी होती. नंतर राजधानी भोपाळला गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर तहसील छिंदवाड्यातून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हाही झाला. तरी मोठा दवाखाना, लग्नाचा बस्ता, मुलांचे कॉलेज आणि नोकरी म्हटले की इथल्या माणसाचे तोंड आजही नागपूरकडेच वळते.

पांढुर्ण्याच्या बाजारातून उतरत गेले की जाम नदी लागते. पलीकडचा काठ म्हणजे सावरगाव. आता दोन्हीकडची वस्ती एकमेकींना भिडली आहे, पण "आम्ही सावरगावचे" हे सांगताना आवाजाला थोडी धार येतेच. त्याचे कारण गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात आणि दोन्ही काठांवरून दगडफेक होते. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी पळवून नेत होता आणि दोघे नदीत असताना दोन्हीकडून दगड आले, अशी कथा सांगतात. झाड पांढुर्ण्याच्या लोकांनी तोडून नेले की ते चंडीमातेच्या मंदिरात जाते आणि खेळ संपतो. या खेळात शेकडो माणसे जखमी होतात, जीवही गेले आहेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, पण दगड काही सुटले नाहीत.

त्या दिवशी इथे कॅमेऱ्यांची गर्दी असते, आणि हल्ली प्रत्येक हातात मोबाईल. संध्याकाळपर्यंत ते व्हिडिओ देशभर पोचलेले असतात. त्यामुळे ज्यांनी सावरगाव कधी पाहिले नाही, त्यांच्या मनात हे गाव म्हणजे धूळ, आरोळ्या आणि रक्त एवढेच. व्हिडिओ खोटा नसतो. पण वर्षातल्या उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत इथे संत्र्याचे पाणी, कपाशीचा भाव आणि पोरांची लग्ने यांचीच चर्चा चालते, हे त्यात कुठे दिसत नाही.

हे मनात असतानाच यंदाच्या हिवाळ्यात इथल्या एका परिचिताच्या घरी जाणे झाले. आंबिया बहाराची तोडणी सुरू होती, अंगणात क्रेटची रास होती. काका निवृत्त शिक्षक, घरची थोडी संत्रा-बाग. मुलगा नागपूरला नोकरीला, भाड्याच्या खोलीत राहतो. यंदा बाग बरी गेली, थोडे कर्ज काढले तर नागपूरला स्वतःचा टू बीएचके फ्लॅट होतो, असा हिशेब घरात चालला होता. जेवणानंतर सगळे ओट्यावर बसले आणि मुलाने पाठवलेला व्हिडिओ फिरू लागला.

सात-आठ मिनिटांचा व्हिडिओ. सुरुवातीला ड्रोनमधून इमारत, मागे संगीत. मग शर्टाला माइक लावलेला एक तरुण हिंदी-मराठी मिसळून बोलत दार उघडतो. हॉल ऐसपैस, बेडरूममध्ये पलंगाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा, ओटा चकचकीत, बाल्कनीतून मावळता सूर्य. "एअरपोर्ट फक्त दहा मिनिटांवर." शेवटी फोन नंबर आणि सूचना: दर पुढच्या आठवड्यात वाढणार, टोकन आजच पाठवा.

सगळे खूश झाले. वहिनींना स्वयंपाकघर आवडले. आजी मात्र दोनदा बारकाईने पाहून म्हणाल्या, "सांडगे, कुरडया कुठी वाळवाच्या? अन् नळाले पाणी केव्हा येते, ते तं हा पोरगा सांगतच नाई." सगळे हसले. काका हसले नाहीत. ते म्हणाले, "आपली बाग घ्यायले व्यापारी येते, तो रस्त्याकडची झाडं पाहून भाव करते का? आत घुसते, मधातली झाडं पाहते, फळ फोडून पाहते. आपण तं रस्त्यावरूनच सौदा करून राह्यलो."

संत्र्याच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे लगेच पटावे. इथे बागेचा सौदा अनेकदा झाडावरच होतो. विकणारा चांगली झाडे दाखवतो आणि घेणारा आतली शोधतो, यात कोणी कोणावर रागावत नाही. व्हिडिओ टूरचेही तसेच आहे. तो विकणाऱ्याने दाखवलेला रस्त्याकडचा तास आहे. आतले तास पाहणे हे आपले काम.

टोकन पाठवायचे थांबले आणि रविवारी मंडळी नागपूरला गेली. मीही बरोबर होतो. फ्लॅट व्हिडिओत होता तोच होता, एकही वस्तू वेगळी नव्हती. पण बेडरूम टेपने मोजली तर दहा बाय साडेदहा फूट भरली. व्हिडिओतला पलंग नेहमीपेक्षा आखूड होता आणि कपाटाला दारे नव्हती. मोबाईलच्या रुंद लेन्सने भिंती लांब पळतात, हे प्रत्यक्ष उभे राहिल्यावर कळले. मावळता सूर्य दिसणारी बाल्कनी म्हणजे पश्चिमेची बाल्कनी, आणि नागपूरच्या मे महिन्यात पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते. मुख्य रस्त्यापासूनचा शेवटचा तुकडा कच्चा होता. खाली पाण्याचा टँकर उभा होता, त्यामुळे आजींच्या प्रश्नाचे उत्तर कोणी न सांगताच मिळाले.

सगळ्यात मोठी गोष्ट तर कुठल्याच व्हिडिओत आली नसती. ही वस्ती शहराच्या दक्षिणेला. विमानतळ जवळ, हे अगदी खरे. पण सावरगावहून येणारा माणूस सावनेर-कोराडीच्या बाजूने किंवा काटोलच्या गाडीने, म्हणजे उत्तरेकडून शहरात शिरतो. आई-वडिलांना मुलाकडे जायचे तर अख्खे नागपूर ओलांडायचे. ज्या घरात कोणी विमानाने फिरत नाही, त्या घराला विमानतळ दहा मिनिटांवर असून काय उपयोग? आपल्या घरापासूनचे अंतर आपणच मोजायचे असते.

याचा अर्थ व्हिडिओ वाईट, असे मुळीच नाही. गुडघे दुखणाऱ्या काकांना पंचवीस जिने चढावे लागले नाहीत, पुण्यात किंवा परदेशात असलेल्या भावंडांना घर पाहून मत देता आले, आणि दहांतली सात घरे ओट्यावर बसूनच बाद झाली. २०२० च्या टाळेबंदीत घराबाहेर पडणेच बंद होते, तेव्हा तर बघण्याचा हाच मार्ग उरला होता. त्याच वर्षी सप्टेंबरपासून महाराष्ट्र सरकारने मुद्रांक शुल्क काही महिन्यांसाठी कमी केले आणि लोकांनी पडद्यावर पाहून घरे ठरवली. सवय तेव्हा लागली, ती राहिली. व्हिडिओ घरे गाळायला उत्तम, पण पैसे द्यायला पुरेसा नाही, एवढे लक्षात ठेवले की झाले.

सीमेवरच्या आपल्या लोकांना आणखी एक अडचण येते. आपल्याला खसरा, खतौनी आणि ऋण-पुस्तिका कळते. नागपुरात सातबारा, आखीव पत्रिका, सूची क्रमांक दोन आणि भोगवटा प्रमाणपत्र असे शब्द कानावर पडतात. तिथल्या जाहिरातीत 'आरएल' हेही हमखास असते. ते म्हणजे अभिन्यासातला तो भूखंड नियमित झाल्याचे पत्र. ते 'आहे' म्हणून ऐकून घेऊ नये, हातात घेऊन वाचावे आणि नागपूरच्या माहीतगार वकिलाला दाखवावे.

कायदाही आपल्या बाजूला आहे. २०१६ चा रेरा कायदा कुठल्याही माध्यमातल्या जाहिरातीला लागू होतो, म्हणजे मोबाईलवरच्या व्हिडिओलाही. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि सदनिका आठपेक्षा जास्त असलेल्या नव्या प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरातच करता येत नाही. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोड देणे बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की प्रकल्पाची मंजुरी, मुदत आणि नकाशे समोर येतात. विक्रीचा करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे दिले आणि नुकसान झाले, तर भरपाई मागता येते. म्हणून आलेला व्हिडिओ पुसून टाकू नये, जपून ठेवावा. जुना फ्लॅट एखाद्या घरमालकाकडून घेत असाल तर मात्र हे संरक्षण नाही. तिथे कागद आणि डोळे हेच राखणदार.

रेराने 'कार्पेट' या शब्दाचाही अर्थ पक्का केला आहे. घरातल्या आतल्या भिंती त्यात धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. व्हिडिओतला माणूस "साडेनऊशे स्क्वेअर फूट" म्हणाला, तर पहिला प्रश्न हाच: रेरा कार्पेट किती?

लांब असाल तर तयार व्हिडिओवर थांबू नका, थेट व्हिडिओ कॉल मागा. मुख्य रस्त्यापासून सुरुवात करून, मधे न थांबता, फाटक, लिफ्ट, जिना आणि मग घर असे दाखवायला सांगा. भिंतीला टेप लावून आकडा दाखवायला सांगा. नळ उघडायला लावा. खिडकी उघडून बाहेर काय आहे आणि कसला आवाज येतो, ते ऐका. मोबाईलवरच्या होकायंत्राने दिशा पाहायला सांगा. संगीताशिवाय दहा मिनिटे दाखवायला जो कंटाळतो, त्याच्याकडे आपणही घाई करू नये.

आपल्यापैकी कित्येकांची नागपुरात जुनी घरे आहेत आणि ती विकायची वेळही येते. विकताना हेच उलटे करावे. मापे सांगावीत, पाणी किती वाजता येते ते सांगावे, ओल धरलेला कोपराही दाखवावा. बघायला येणारे कमी होतील, पण जे येतील ते घ्यायला येतील.

काकांच्या मुलाने तो फ्लॅट घेतला नाही. शोध आता कोराडी रोड आणि गोधनीच्या बाजूला चालला आहे. गोधनी इटारसीच्याच लाइनवर आहे, त्यामुळे तिथल्या घरातून रुळांचा आवाज येईल. "येऊ दे," आजी म्हणाल्या, "गाडी आपल्याच गावाले तं जाते."

आपल्या मंडळाच्या वाचकांपैकी ज्यांनी सावरगाव फक्त गोटमारीच्या व्हिडिओत पाहिले असेल, त्यांनी एकदा संत्र्याच्या दिवसांत यावे. पांढुर्ण्याला उतरावे, बाजारातून नदीकडे चालत जावे आणि पूल ओलांडावा. नदीत तेव्हा झाड नसते, झेंडा नसतो, पाणीही बेताचेच असते. काठावर संत्र्याने भरलेली गाडी उभी असते आणि कोणीतरी विचारते, "कोणाकडे आले जी?"