वळणे

परदेशात गेल्यावर निवृत्त मराठी प्राध्यापकाला सर्वप्रथम कशाची उणीव भासते, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन : वाक्य पूर्ण करण्याच्या सवडीची. २०११ च्या जानेवारीत मी न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागात, फॉरेस्ट हिल्स येथे, लेकीच्या बाळंतपणासाठी गेलो होतो. खरे तर जायचे होते तिच्या आईने. ती आदल्या पावसाळ्यात वारली. लेकीच्या बाळंतपणाला बाप जातो, हे आमच्या घरात प्रथमच घडत होते, आणि त्या कामातले मला काहीही येत नव्हते. म्हणून मला एकच काम नेमून देण्यात आले : सकाळी कोपऱ्यावरच्या भट्टीतून बेगल आणायचे.

पहिल्या दिवशी रांगेत उभा असताना मी मनाशी एक सभ्य इंग्रजी वाक्य जुळवून ठेवले होते. त्याचा आरंभ होतो न होतो तोच काउंटरवरच्या माणसाने विचारले, 'कोणता?' फळ्यावर नावे होती : साधा, तिळाचा, खसखशीचा, कांद्याचा, आणि शेवटी 'एव्हरीथिंग'. तीळ, खसखस, सुका लसूण, कांदा, जाड मीठ असे सगळे एकत्र लावलेला, एवढाच त्याचा अर्थ. पण 'सर्व काही' मागण्याचा मला धीर झाला नाही. मी तिळाचा मागितला आणि लेकीला गरम हवा म्हणून 'भाजून द्या' असे म्हणालो. 'ताजे आम्ही भाजत नाही,' तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावरून मागच्या गिऱ्हाइकाला त्याने हाक दिली : 'नेक्स्ट!'

उभी हयात मी वर्गात इतरांना 'बसा' म्हणत आलो. कोणी मला असे बाजूला सारल्याचे आठवत नव्हते. अपमान गिळत घरी आलो, पिशवी लेकीच्या हाती दिली, तेव्हा ध्यानात आले की पिशवी गरम होती. बेगल नुकताच भट्टीतून निघाला होता. तव्यावरून उतरलेली टम्म फुगलेली भाकरी कोणा पाहुण्याने 'जरा भाजून द्या' म्हणून परत केली असती, तर माझ्या पत्नीने त्याला काय ऐकवले असते, याची मी कल्पना केली. राग ओसरला, लाज मात्र उरली.

मग मी रोज जाऊ लागलो आणि जरा लवकर जाऊ लागलो. दिसू लागले ते असे : घट्ट मळलेल्या कणकेची वळी हातावर गुंडाळून तिचे कडे केले जाते, ती कडी रात्रभर थंडीत ठेवतात, सकाळी माल्ट घातलेल्या उकळत्या पाण्यात जेमतेम मिनिटभर बुडवतात, आणि मगच ती भट्टीत जातात. त्या उकळण्यामुळे वरचा थर आधीच आवळला जातो. बेगलची चकाकी आणि त्याचा चिवटपणा दोन्ही तिथून येतात. भोगीच्या दिवशी तिळाचा बेगल हाती घेतला तेव्हा तीळ लावलेली बाजरीची भाकरी आठवली, आणि ती करणारे हातही.

त्याच आठवड्यात मी जॅक्सन हाइट्सला जाऊन डिंक, खारीक, खोबरे आणि गूळ आणला. लाडू वळायला बसलो. वळेनात. मुठीत धरले की लाडू, मूठ उघडली की भुगा. लेक दारातून पाहत होती. ती काही बोलली नाही. भुगा वाटीत घेऊन चमच्याने खाऊ लागली. तिचा जन्म झाला तेव्हा तिची आई माहेरी होती आणि मी परीक्षेचे पेपर तपासत होतो. मी गेलो तो थेट बारशाला. तेव्हा त्यात काही वावगे आहे असे कोणालाच वाटले नव्हते, मला तर नाहीच. त्या दिवशी भुग्याकडे पाहताना वाटले.

पुढे ग्रंथालयात बसून बेगलचा इतिहास वाचला. क्राकूव येथील ज्यू समाजाच्या १६१० सालच्या यिडिश नियमांत या पावाचा जुना उल्लेख आहे, आणि तो बाळंतपणाच्या प्रसंगी द्यायच्या भेटींच्या संदर्भात आहे, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे नकळत का होईना, मी योग्य वस्तू नेत होतो! शब्दाची व्युत्पत्ती 'वाकवणे' या अर्थाच्या जुन्या जर्मन धातूकडे जाते. आपल्याकडे 'वळणे'पासून वळे आले, वळण आले, आणि लाडूही आपण वळतोच. त्याच शहरात 'लोकल ३३८' नावाची बेगल कामगारांची संघटना होती. सुमारे तीनशे सभासद, आणि सभासदत्व बहुधा बापाकडून मुलाकडे जाई. १९६० च्या दशकात बेगल वळणारी यंत्रे आली आणि ती परंपरा मोडली. यिडिश बोलणारे ते हात गेले. आमच्या कोपऱ्यावर आता जो माणूस हाताने कडी वळत होता, तो मेक्सिकोतील पुएब्लाचा होता.

हे मला कळले ते महिन्याच्या अखेरीस. पाहुणे येणार म्हणून मी डझनभर बेगल मागितले. त्याने तेरा घातले. मी मोजून एक परत करू लागलो तेव्हा तो प्रथमच हसला. डझनावर एक देण्याची रीत आहे, म्हणाला. कोण पाहुणे, असे त्याने विचारले; बारसे आहे हे मी मोडक्या इंग्रजीत सांगितले. त्याची मुलगी तिकडे पुएब्लाला होती, सात वर्षांची. तिचा जन्म झाला तेव्हा तो इथे कणीक वळत होता. फोनवर तिचे रडणे ऐकले, एवढेच तो बोलला आणि रांगेकडे पाहून ओरडला : 'नेक्स्ट!' या वेळी मला त्या शब्दाचा राग आला नाही. तो शब्द कशावर पडदा टाकत होता, हे मला दिसले होते.

परतण्यापूर्वी मी पुन्हा लाडवांना बसलो. चूक एवढीच होती की मिश्रण निवण्याची मी वाट पाहत होतो. लाडू गरम असतानाच वळायचे असतात. तळहात पोळतात, तेवढे पोळू द्यायचे. सतरा झाले. चार कागदात गुंडाळून भट्टीवर नेऊन दिले. त्याने नाव विचारले, मी 'लाडू' म्हणालो. त्याने एकदा उच्चारून पाहिले आणि खिशात ठेवले.

घरी लेकीने एक चाखला. 'आईसारखे नाहीत, बाबा,' म्हणाली, आणि दुसरा उचलला.