लेकरासाठी पहिला संगणक

आपल्या घरांत लेकराला संगणक घेण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो पैशाचा, आणि तो यायलाच हवा. महिन्याच्या कमाईतून किराणा, दवाखाना आणि गावाकडचे देणे-घेणे भागवून मागे किती उरते, हे वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही. आम्ही वडवणीसारख्या तालुक्याच्या गावी कारकुनी करतो. घरात तिसरीत शिकणारी मुलगी आहे. २०२५ च्या दिवाळीनंतर तिच्यासाठी संगणक घ्यायचे ठरले. त्या निमित्ताने जी चौकशी केली, जे तोलून-मापून पाहिले, ते चार घरांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखप्रपंच.

"घरात मोबाईल आहे, मग संगणक कशाला?" असे पुष्कळजण विचारतात. आमच्या पिढीने संगणक प्रथम जवळून पाहिला तो एमएस-सीआयटीच्या वर्गात. २००१ साली तो अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुढे सरकारी नोकरीसाठी आवश्यक ठरला. विशी ओलांडल्यावर माऊस हातात धरताना हात थरथरत असे. आज टेबलाच्या या बाजूला बसून आम्ही रोज पाहतो, की शिष्यवृत्तीचा अर्ज असो वा जातीचा दाखला, आपली माणसे पन्नास-शंभर रुपये देऊन दुसऱ्याकडून फॉर्म भरून घेतात. नावाची एक वेलांटी चुकली की पुन्हा खेटे. पदवीधर पोरेही त्याच रांगेत असतात. मोबाईल त्यांच्या खिशात असतोच. मोबाईलवर पाहणे होते, ऐकणे होते. पण दहा बोटांनी लिहिणे, तक्ता मांडणे, आपले काम आपण जपून ठेवणे हे कळफलकावाचून हाताला वळत नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तर घरातला एकुलता मोबाईल सकाळी बापाबरोबर कामावर जाई आणि लेकरू रिकाम्या हाताने बसे, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे.

आता पैसा. आमच्या सौभाग्यवतींची महिना हजाराची बारा बायकांची भिशी होती. ते बारा हजार शिलाई मशीनला मोटार बसवणे आणि स्वयंपाकघरावरचे पत्रे बदलणे यासाठी राखलेले. त्यांनीच विषय काढला, "अहो, पत्रे आणखी एक पावसाळा काढतील. पोरीचं वय थांबायचं नाही." मात्र दोन अटी घातल्या: हप्त्याने वस्तू आणायची नाही, आणि संगणक पुढच्या खोलीतच राहील. हप्त्याची अट आम्हाला पटली. 'शून्य टक्के व्याज' म्हणतात तेथे प्रक्रिया शुल्क असते आणि रोखीची सूट बुडते. हिशेब मांडला की शून्य हे शून्य राहत नाही.

बारा हजारांत काय येते, याचा शोध सुरू झाला. चाकणला कारखान्यात असलेले आमचे मेहुणे म्हणाले, "दाजी, दहा हजारांत चांगला टॅब येतो, बोटानं चालतो, पोरीला सोपा." सोपा खराच, पण तो मोठा मोबाईलच झाला.

स्वस्त यंत्राचा मोह काही आजचा नाही. अमेरिकेतल्या निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ साली गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाला शंभर डॉलरचा लॅपटॉप देण्याची कल्पना मांडली. २००६ मध्ये आपल्या केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने ती नाकारली. तरीही २००७ साली भारतातला तिचा पहिला प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैराट येथील एका शिक्षकी शाळेत झाला. हिरव्या-पांढऱ्या रंगाची ती छोटी यंत्रे खेड्यातली लेकरे हाताळू लागली. लेकरे भ्याली नाहीत, ही मोलाची गोष्ट. मात्र शंभर डॉलरचे यंत्र प्रत्यक्षात दोनशेच्या जवळ गेले. पेरू देशाने ही यंत्रे मोठ्या प्रमाणावर वाटली. तेथील तीनशेहून अधिक शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या सामान्य आकलनात थोडी वाढ दिसली, पण गणित आणि भाषा या विषयांत फरक आढळला नाही. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०११ रोजी 'आकाश' टॅब्लेटचा गाजावाजा झाला. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजारांना पडणार होता. पडदा जोराने दाबावा लागे, बॅटरी दोन-तीन तासांत संपे, आणि काही वर्षांत ती योजनाच विरून गेली. यातून आम्ही दोन गोष्टी घेतल्या. एक, किंमत कमी म्हणजे वस्तू स्वस्त असे नव्हे. जी पाच वर्षे चालते ती स्वस्त. दुसरी, यंत्र घरात आले म्हणजे विद्या आली असे नाही. शेजारी बसणारे माणूस लागते.

मग एकेक पर्याय तपासला. रास्पबेरी पाय नावाचे कळफलकातच बसवलेले छोटे संगणक २०२० पासून मिळतात. ते घरच्या टीव्हीला जोडता येतात. कल्पना उत्तम, पण बिघडल्यास आमच्या गावात ते उघडून पाहणारा कोणी नाही. नवे कोरे स्वस्त लॅपटॉप पाहिले. त्यांत बहुधा चार जीबी रॅम आणि चौसष्ट जीबी साठवण असते आणि ती पुढे वाढवता येत नाही. दोन वर्षांत यंत्र रडू लागते. जुना डेस्कटॉप सर्वांत स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा. पण आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून वर यूपीएसचा खर्च. ज्यांच्याकडे वीज टिकते त्यांनी डेस्कटॉपचाच विचार करावा. आम्ही शेवटी मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेला जुना लॅपटॉप पसंत केला. कार्यालयांसाठी बनवलेली ही यंत्रे दणकट असतात, आणि रॅम, डिस्क, बॅटरी बदलता येते.

त्यातच एक योग जुळून आला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट यंत्रे कंपन्यांना नकोशी झाली. अशा यंत्रावर लिनक्स ही फुकट आणि मोफत अद्ययावत होणारी प्रणाली छान चालते. छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानातून सातव्या पिढीचा, आठ जीबी रॅमचा लॅपटॉप साडेअकरा हजारांना आणला. उरलेल्या पाचशेत माऊस आला आणि एसटीचे भाडे निघाले.

जुने यंत्र घेताना काय पाहावे, ते सांगतो. टेबलावर उभ्या-उभ्या सौदा करू नये, तासभर बसावे. कोरे पान उघडून प्रत्येक कळ दाबून पाहावी. पडदा पूर्ण पांढरा करून डाग पाहावेत. बिजागऱ्या ढिल्या नाहीत ना, हे उघडझाप करून पाहावे. चार्जर काढून अर्धा तास चालवावे. साठवण फिरत्या तबकडीची नसून एसएसडी असावी. जुन्या यंत्राचा निम्मा वेग तेथेच असतो. यंत्र बंद करून चालू करावे आणि सुरुवातीला कोणता पासवर्ड मागत नाही ना, हे पाहावे. यंत्राचा अनुक्रमांक लिहिलेले पक्के बिल आणि हमी लेखी घ्यावी. आम्ही आधी पाहिलेल्या एका दुकानदाराने "तोंडी हमी आहे ना" म्हणताच आम्ही जोडे घातले.

वस्तू आणल्यावर खरा अभ्यास सुरू होतो. जीकॉम्प्री हा दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी फुकट खेळ-अभ्यासाचा संच आहे. टक्स पेंटवर चित्रे काढता येतात. आठ वर्षांपुढच्या मुलांना अमेरिकेच्या एमआयटीने २००७ साली आणलेले स्क्रॅच उत्तम. ठोकळे जुळवून मूल स्वतः प्रोग्रॅम रचते. किविक्सच्या साह्याने मराठी विकिपीडिया एकदा उतरवून घेतला की इंटरनेटशिवाय वाचता येतो. आणि मराठी टंकलेखन पहिल्या दिवसापासून इनस्क्रिप्ट पद्धतीने शिकवावे. ही सरकारमान्य मांडणी आहे; स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. इंग्रजी अक्षरे दाबून मराठी उमटवण्याची सवय लागली की ती मोडणे जड जाते. वेळेचे बंधनही हवे. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना पाच वर्षांखाली रोज एक तासापेक्षा अधिक आणि दहा वर्षांखाली दोन तास पडदा नको म्हणते. आमच्या घरी टीव्ही धरून दीड तास, असा नियम आहे.

गल्लीतल्या दोन घरांतली माणसे ऊसतोडीला गेली, की लेकरे आजीजवळ राहतात. ती संध्याकाळी आमच्याकडे येतात. प्रत्येकाला वीस मिनिटे, घड्याळ लावून. पाचवीतल्या एका मुलीने आईबापाची नावे, कारखान्याचे गाव आणि घेतलेली उचल असा तक्ता स्वतः टंकला आणि खाली फिटलेली रक्कम वजा करून दाखवली. आजीने चष्मा लावून तो आकडा दोनदा वाचून घेतला. सौभाग्यवती म्हणाल्या, "पत्र्यापेक्षा हे बरं झालं."

ज्या घराला बारा हजारही जड आहेत, त्यांनी हिरमुसू नये. पाच घरांनी मिळून महिना चारशे-पाचशे रुपये बाजूला टाकले तर सहा महिन्यांत असे एक यंत्र येते. ते समाजमंदिरात किंवा अभ्यासिकेत ठेवावे, वहीत नावे आणि वेळ लिहावी, किल्ली एका जबाबदार बाईकडे असावी. मुलींची पाळी आधी लावावी, कारण मागे राहिली तर तीच राहते. लेकरू संगणकासमोर बसले की आपणही पाच मिनिटे शेजारी बसावे. काही येत नसेल तरी बसावे.