पॉलिएस्टरचं गटिंग

आज टेनिसच्या रॅकेटला नवं गटिंग करून घेतलं. पॉलिएस्टर, १.२५ मिलिमीटर, ५० पौंड ताण. संध्याकाळी रावेतच्या कोर्टवर मनसोक्त खेळले.

ताकद म्हणाल तर बेताचीच. ही तार आपणहून चेंडू फेकत नाही, हात पूर्ण फिरवावा लागतो. पण फिरवला की काय सुख! टॉपस्पिन मारताना उभ्या तारा बाजूला सरकतात आणि झटकन जागेवर येतात. त्या परतण्यातच चेंडूला जादा फिरकी मिळते. बेसलाइनबाहेर जाणार असं वाटलेला फोरहँड ऐनवेळी खाली वळून आत पडतो. नियंत्रणाला पैकीच्या पैकी गुण. स्पर्श मात्र कोरडा. नेटजवळच्या हलक्या ड्रॉपला हाताला काही कळतच नाही.

१९९७ मध्ये गुस्ताव्हो कुएर्तेनने अशीच तार लावून फ्रेंच ओपन जिंकली, मग व्यावसायिक टेनिस हळूहळू तिचंच झालं. २०१८ पासून काही वर्षं इथे जवळ बालेवाडीत महाराष्ट्र ओपन भरायची, तिथले ते जोरकस फटके बहुतेक अशाच तारेवरचे.

हिचा ताण लवकर उतरतो, तेव्हा तुटायची वाट न पाहता बदलावी. आणि कोपर दुखत असेल किंवा मूल नुकतंच शिकत असेल, तर कृपा करून ही लावू नका. मऊ मल्टिफिलामेंट घ्या.